'तो' म्हणजे नेमका कोण?

शिरूर अनंतपाळच्या एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना आम्ही एक दुरुस्ती केली होती. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष होती. तिच्यामुळे निबंधाचा अर्थ मात्र नाहीसा झाला. प्रस्तुत लेख त्या दुरुस्तीविषयी आहे, आणि अशा दुरुस्त्या वर्षानुवर्षे करीत आलेल्या आमच्यासारख्या मास्तरांविषयी आहे.

विषय नेहमीचाच होता : आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग. बहुतेकांनी सहल, पारितोषिक, पावसात अडकलेली एस.टी. असे काहीबाही लिहिले. एका मुलीने वडील सावकाराकडे गेले तो दिवस लिहिला. तिची वाक्ये अशी : 'माय फादर वेन्ट टु द मनीलेंडर. दे टोल्ड हिम दॅट ही वॉज चीटिंग. ही गॉट अँग्री अँड दे लेफ्ट हिज हाऊस.' आम्ही तांबड्या शाईने दोन्ही ठिकाणचा 'दे' खोडला आणि वर 'ही' लिहिले. वडील एक, तेव्हा सर्वनाम एकवचनी हवे. समासात 'प्रोनाउन्स!' असा शेरा मारला आणि पुढची वही ओढली.

आता दुरुस्त झालेला मजकूर वाचावा. 'ही टोल्ड हिम दॅट ही वॉज चीटिंग. ही गॉट अँग्री अँड ही लेफ्ट हिज हाऊस.' फसवत कोण होते? चिडले कोण? निघून कोण गेले, आणि ज्या घरातून गेले ते घर कोणाचे? मुलीच्या चुकीच्या इंग्रजीत या सर्व प्रश्नांची उत्तरे होती. वडील 'दे' होते, सावकार 'ही' होता, आणि ही विभागणी तिने शेवटपर्यंत कसोशीने पाळली होती. आमच्या बरोबर इंग्रजीत एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर उरले नाही.

मुलीच्या मनातले मराठी उघड आहे. वडील सावकाराकडे गेले. ते त्याला म्हणाले, की तो फसवतो आहे. तो चिडला आणि ते त्याच्या घरातून निघाले. मराठीत इथे कोणाचाही पाय घसरत नाही. आदरार्थी बहुवचनाने दोन पुरुष वेगळे राखले आहेत. शिवाय सांगणारी कोणाच्या बाजूने उभी आहे, हेही त्याच सर्वनामांनी सांगून टाकले आहे. हाच प्रसंग सावकाराच्या ओसरीवर बसून सांगणारा माणूस कदाचित उलटी सर्वनामे वापरील : सावकार 'ते' होईल आणि शेतकरी 'तो' होईल. इंग्रजी 'ही'मध्ये या दोन्ही गोष्टींना जागा नाही. जागा नाही हा इंग्रजीचा दोष नव्हे, तिची रीत आहे. दोष आमचा, की रीत बदलताना काय हरवले आणि ते कसे भरून काढायचे, यातले काहीही आम्ही त्या मुलीला सांगितले नाही. 'दे' खोडून 'ही' लिहिणे एवढेच आम्हाला येत होते.

ते भरून काढण्याचा उपाय अगदी साधा होता. 'माय फादर' पुन्हा लिहायचे. 'द मनीलेंडर' पुन्हा लिहायचे. पण नाम पुन्हा लिहिण्याची या मुलांना भीती वाटते, आणि ती भीती आम्हीच पेरलेली आहे. सर्वनाम म्हणजे काय, असा प्रश्न लातूर-नांदेडच्या कोणत्याही शाळेत विचारावा. 'नामाचा पुनरुच्चार टाळण्यासाठी नामाऐवजी येणाऱ्या शब्दास सर्वनाम म्हणतात' असे उत्तर मुले झोपेतही देतात. इंग्रजीच्या तासाला हीच व्याख्या इंग्रजीतून पाठ होते. या व्याख्येतून मुलाने घेतलेला धडा एवढाच, की पुनरुच्चार हे पाप आहे आणि सर्वनाम हे त्याचे प्रायश्चित्त. एकदा नाव लिहिले की पुढचे पानभर 'ही', 'ही', 'ही'.

ही व्याख्या मुळातच लंगडी आहे, असे आमचे मत आहे. 'मी' कोणत्या नामाऐवजी येतो? बोलणारा स्वतःचे नाव वारंवार घेऊन कंटाळला म्हणून त्याने 'मी' शोधून काढला, असे कोणी म्हणणार नाही. 'तू'चेही तसेच. 'कोण' आणि 'काय' यांच्याऐवजी ठेवण्याजोगे नाम तर माहीतच नसते, म्हणून तर प्रश्न विचारायचा. मराठीची मूळ सर्वनामे नऊ मानतात : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यातल्या निम्म्यांना ही व्याख्या धड लागू होत नाही. इंग्रजी 'प्रोनाउन' हा शब्द लॅटिनवरून आला आणि त्याचा अर्थ 'नामाच्या जागी' असा आहे. आपला 'सर्वनाम' हा शब्द पाणिनीच्या परंपरेतला. तिथे तो 'सर्व' या शब्दापासून सुरू होणाऱ्या एका गणाची संज्ञा आहे आणि परंपरेने त्याचा अर्थ लावला तो 'सर्वांचे नाम' असा, म्हणजे जे कोणालाही लावता येते ते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी धर्तीवर मराठी व्याकरणे लिहिली जाऊ लागली (दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे), आणि कालांतराने या जुन्या भांड्यात लॅटिन अर्थ ओतला गेला. 'सर्वांचे नाम' हा अर्थ मुलांना सांगितला असता, तर निदान पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला असता : जे सर्वांचे आहे ते या वाक्यात कोणाचे? सर्वनाम शिकवायचे म्हणजे हा एकच प्रश्न शिकवायचा. आमच्या वर्गांत नेमका तोच शिकवला जात नाही.

त्याऐवजी काय शिकवले जाते? तक्ता. 'आय, माय, मी, माइन' अशी भिंतीवर टांगलेली रूपावली. (देवनागरीत टिपणे काढणाऱ्या मुलाची इथे जी तारांबळ उडते तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंग्रजी कर्माचा 'मी' मराठी कर्त्याच्या 'मी'सारखाच दिसतो, पुल्लिंगी 'ही' वहीत स्त्रीलिंगी होऊन बसतो, आणि 'दे' म्हटले की हात पुढे करावासा वाटतो.) रूपावली पाठ असलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण रूप ही अर्धी गोष्ट आहे. 'ही टोल्ड हिम' या वाक्यात रूपाची एकही चूक नाही.

तक्त्यानंतर येतो 'दोन-तीन-एक'. लातूरच्या शिकवणीवर्गांनी घोटून घेतलेला हा मंत्र स्पर्धापरीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या ओठांवर असतो. तीन पुरुष एकत्र आले तर आधी द्वितीय, मग तृतीय, शेवटी प्रथम. आणि चुकीची कबुली द्यायची असेल तर एक-दोन-तीन. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकावर पोसलेल्या पिढ्यांनी तो व्याकरणाचा नियम म्हणून जपला आहे. वस्तुतः तो व्याकरणाचा नियम नव्हेच, शिष्टाचार आहे. चारचौघांत स्वतःला शेवटी ठेवावे, एवढेच त्याचे म्हणणे. शिष्टाचार शिकवायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती सर्वनामांच्या अध्यापनातला इतका वेळ या क्रमपाठाने खाण्याला. ज्या मुलाला 'यू, ही अँड आय' असा क्रम बिनचूक लावता येतो, त्याच्या उताऱ्यातल्या 'ही'ला धनी सापडत नाही. 'इट इज आय' की 'इट इज मी', 'हू' की 'हूम', हे वादही याच जातीचे. बऱ्याच इंग्रजी भाषकांनी ते केव्हाच मागे टाकले, आमच्या प्रश्नपत्रिकांत अजून त्यांना गुण आहेत.

याच्या उलट टोकाला दुसरा एक पक्ष आहे. व्याकरणाचा बाऊ करू नका, संवाद साधला म्हणजे झाले, असे तो म्हणतो. हा पक्ष वरकरणी उदार वाटतो आणि कार्यशाळांतून त्याचीच चलती आहे. आमचे त्याच्याशी भांडण असे, की संदिग्ध सर्वनाम ही व्याकरणाची चूक नसून संवादाचीच चूक असते. 'शी डोन्ट नो' म्हणणाऱ्या मुलीचे म्हणणे समोरच्याला कळते. 'ही टोल्ड हिम दॅट ही वॉज चीटिंग' म्हणणाऱ्या मुलीचे कळत नाही. संवादवाद्यांनी पहिल्या वाक्याला माफी देऊन दुसऱ्यावर सगळा वेळ खर्च करायला हवा होता. प्रत्यक्षात दुसऱ्या वाक्यात तांबड्या शाईला काही सापडत नाही, म्हणून ते दोन्ही पक्षांच्या हातून सुटते.

तिसरा एक आग्रह तर मराठवाड्याला सर्वांत महाग पडला आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची नाही, हा तो आग्रह. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज आमच्यासमोर बसणारी मुले बारा-बारा वर्षे इंग्रजी शिकून आली आहेत. 'पाचवीपासून सुरू झाले, म्हणून कच्चे राहिले' ही आमच्या पिढीची सबब त्यांना लागू नाही. बारा वर्षांनंतरही त्यांच्या सर्वनामांत जे घोटाळे होतात ते आळसाचे नाहीत. ते मराठी व्याकरणाने पढवलेले, शिस्तबद्ध घोटाळे आहेत, आणि मराठीचे नाव न काढता ते सुटणारे नाहीत.

काही उदाहरणे पाहू. 'द मॅन हू केम ही इज माय अंकल' असे मूल लिहिते, तेव्हा ते 'जो माणूस आला तो माझा मामा' हे आपले जो-तो वाक्य जसेच्या तसे चालवत असते. मराठीत 'तो' गाळला तर वाक्य उघडे पडते. इंग्रजीत तो ठेवला तर वाक्याला दोन कर्ते होतात. 'इट इज रेनिंग'मधला 'इट' कोण, असे मुले विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मराठीत पाऊस स्वतःच पडतो, त्याला डमी लागत नाही. त्याहून महत्त्वाचा फरक क्रियापदाचा. मराठीत 'आली' म्हटले की बाई, 'आला' म्हटले की पुरुष, 'आलो' म्हटले की बोलणारा स्वतः. सर्वनाम गाळले तरी क्रियापद त्याचा भार उचलते. इंग्रजी 'केम' हा भार उचलत नाही. तो एकट्या सर्वनामावर पडतो. ज्या भाषेत सर्वनाम हलकेफुलके असते तिच्यातून आलेले मूल, जिथे ते भारवाही असते अशा भाषेत शिरते, आणि हा बदल त्याला कोणी सांगतच नाही. हे सांगायला मराठीत पाच मिनिटे लागतात. इंग्रजीतून सांगायचे तर ज्याला ते समजेल त्याला त्याची गरज उरलेली नसते.

'आपला' या शब्दाचे तर स्वतंत्र प्रकरण करायला हवे. 'सावकाराने आपली वही काढली' आणि 'सावकाराने त्याची वही काढली' यांतला फरक अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळतो. पहिल्या वाक्यात वही सावकाराची, दुसऱ्यात दुसऱ्या कोणाची तरी. इंग्रजीत दोन्हींसाठी 'हिज'. इथे मराठी अधिक काटेकोर आहे. इंग्रजी येत नाही म्हणून खाली मान घालून बसलेल्या मुलाला ही गोष्ट एकदा सांगून पाहावी. तुझ्या भाषेत आहे ते या भाषेत नाही, म्हणून तुला इथे जपून चालावे लागेल, असे म्हटले की त्या मुलाची मान वर होते. ही सहानुभूतीची युक्ती नव्हे, वस्तुस्थिती आहे.

अर्थात मराठी सर्वत्र काटेकोर आहे असा दावा करणे म्हणजे दुसऱ्या बाजूने खोटे बोलणे होईल. 'ते' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे, पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि आदरार्थी एकवचनही आहे. 'ते आले' यावरून वासरू आले, पाहुणे आले की गुरुजी आले, हे पुष्कळदा संदर्भावरूनच ठरवावे लागते. याच 'ते'मुळे आणखी एक गंमत होते. इंग्रजीत एका व्यक्तीसाठी 'दे' वापरण्यावर आमच्या व्यवसायबंधूंपैकी कित्येकजण नाके मुरडतात. मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ साली 'दे' हा वर्षाचा शब्द ठरवला, त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेने एकवचनी 'दे'ला मान्यता दिली, आणि या मंडळींना व्याकरण बुडाल्यासारखे वाटले. एकवचनी 'दे' इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो. 'यू' मुळात बहुवचनीच, तोही एकाला लावला जातो आणि क्रियापद 'आर' असे बहुवचनीच घेतो. ते सोडा. 'ते आले' असे एका माणसाविषयी बोलत आपण आयुष्य काढतो आणि 'किती जण आले?' असे कोणी विचारत नाही. ज्यांच्या तोंडात दिवसभर एकवचनी 'ते' असतो त्यांनी एकवचनी 'दे'ने दचकावे, हे नवल आहे. मात्र या कारणाने 'माय फादर... दे' बरोबर ठरत नाही. इंग्रजीचा एकवचनी 'दे' आदर दाखवत नाही. लिंग ठाऊक नसते, सांगायचे नसते किंवा 'ही'-'शी' यांत बसत नसते तेव्हा तो येतो. मुलीचा 'दे' चूकच होता. आमचे म्हणणे एवढेच, की ती चूक अर्थपूर्ण होती आणि आमची दुरुस्ती अर्थशून्य होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे व्याकरणाचे रडगाणे वाटत असेल, तर त्यांनी आपल्याच अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची शीर्षके पाहावीत. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ साली केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'हिमसेल्फ'. कुसुमावती देशपांडे यांच्या १९६३ च्या अनुवादाचे नाव 'रानडे : हिज वाइफ्स रेमिनिसन्सेस'. एकच पुस्तक, तीन शीर्षके, तीन सर्वनामे. मराठीत 'आमच्या', म्हणजे दोघांचे एकत्र आयुष्य. पहिल्या अनुवादात 'हिमसेल्फ', म्हणजे नवऱ्याचे नाव न घेता त्याच्याकडे बोट दाखवणारी जुन्या घरातली ती रीत, जिला इंग्रजी वाचकाने काहीसे चमकून पाहावे. दुसऱ्या अनुवादात 'हिज', म्हणजे बायको कोणाची आणि आठवणी कोणाच्या याचा निकाल. 'आमच्या'तली रमाबाई तिन्हींत सारख्याच प्रमाणात उरते का, या प्रश्नावर एक संपूर्ण तास घेता येईल.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे (१९३४ ते १९३६) जोसेफीन इंकस्टर यांनी केलेले भाषांतर १९५० साली 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाले. मूळ शीर्षकात सर्वनामच नाही. इंग्रजीत 'आय' आला आणि आल्याबरोबर नवऱ्याच्या मागून चालू लागला. मूळ पुस्तकातल्या लक्ष्मीबाई कितीशा मागून चालतात, हे ज्याने ते वाचले आहे त्याला ठाऊक आहे. आणि पुनरुच्चाराला घाबरणाऱ्यांनी हेही पाहावे, की लक्ष्मीबाई नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असा आडनावाने करतात, वारंवार करतात, पानोपानी करतात. त्या गद्याला कोणी पुनरुक्तीचा दोष दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सर्वांत मोठा पेच 'आम्ही'चा. मराठीत 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही, इंग्रजी 'वुई'मध्ये नाही. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु' असा तो ठसठशीत आहे, आणि मराठीत तो द्रविड भाषांच्या शेजारामुळे रुजला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आमच्या भागात, जिथून बिदर आणि तेलंगण दोन्ही जवळ, हा शेजार पुस्तकातून शिकावा लागत नाही, बाजाराच्या दिवशी ऐकू येतो. आता बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) घ्या. 'आमुचं' या शब्दात वाचकाला आत घेतलेले नाही. हे जिणं आमचं आहे, तुमचं नाही, आणि ते तसे होण्यात तुमचा हात आहे, हे सगळे त्या एका शब्दात आहे. माया पंडित यांच्या २००८ च्या अनुवादाचे शीर्षक 'द प्रिझन्स वुई ब्रोक'. शीर्षक समर्थ आहे, पण त्यातला 'वुई' कोणालाही आत शिरू देतो. ज्यांनी तुरुंग बांधले त्यांचे नातूही तो मोठ्याने वाचून तुरुंग फोडल्याचे समाधान मिळवू शकतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) इंग्रजीत 'वुई ऑल्सो मेड हिस्टरी' (२००८) झाले. 'आम्हीही' म्हणजे ज्यांना तुम्ही इतिहासातून वगळले त्या आम्ही. 'वुई ऑल्सो' म्हणताना हे वगळणे वाचकाला बाहेरून आठवावे लागते. अनुवादकांना आम्ही दोष देत नाही. इंग्रजीत दुसरा शब्दच नाही. दोष आहे तो ही पुस्तके इंग्रजीच्या वर्गात शिकवताना 'वुई' म्हणजे कोणता 'आम्ही' हा प्रश्न एकदाही न विचारणाऱ्यांचा, आणि त्यातले बहुतेक मराठीभाषक असतात. जो प्रश्न लंडनच्या प्राध्यापकाला सुचणे कठीण, तो शिरूर अनंतपाळच्या प्राध्यापकाला सहज सुचायला हवा होता.

आमच्या स्वतःच्या समीक्षालेखनाची गतही फारशी वेगळी नाही. इंग्रजीतले लघुप्रबंध तपासताना 'द ऑथर शोज हिज एलिएनेशन' या धाटणीचे वाक्य हटकून भेटते. 'कोसला'विषयी असे लिहिले, तर परात्मता नेमाड्यांची की पांडुरंग सांगवीकराची? विद्यार्थ्याने हा निर्णय घेतलेला नसतो; 'हिज'ने त्याच्या वतीने तो टाळलेला असतो. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवार आणि दगडू मारुती पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात, एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. या पुस्तकावरच्या लेखात 'ही' हे सर्वनाम बेफिकिरीने वापरणे म्हणजे पुस्तकाची रचनाच पुसून टाकणे. त्यावर 'वन कॅन से दॅट इट रिव्हील्स धिस' असले वाक्य, ज्यात 'वन' कोण, 'इट' काय आणि 'धिस' कुठले हे लेखकालाच माहीत नसते, ते आम्ही विद्वत्तेचे लक्षण मानून गुण देतो. प्रस्तुत लेखातला 'आम्ही'ही संशयमुक्त नाही. निबंधमालेपासून मराठी वादलेखनाने मिरवलेला हा 'आम्ही' एकट्याचा आवाज बहुसंख्येचा करून दाखवतो. तो आम्ही इथे वापरला आहे तो चूक करणाऱ्यांची संख्या खरोखरच एकाहून अधिक आहे म्हणून.

कायद्याला सर्वनामांची किंमत आमच्याआधी कळली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात 'ही' हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे असे सांगून ठेवले होते. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमानेही पुल्लिंगात स्त्रीलिंग धरले. तरीसुद्धा १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना वकिलीची परवानगी नाकारली आणि स्त्रियांसाठी दार उघडायला १९२३ चा वेगळा कायदा करावा लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच व्याख्येत पारलिंगी व्यक्तीचाही समावेश झाला आहे. एका 'ही'मध्ये कोण आहे आणि कोण नाही हे ठरायला दीडशेहून अधिक वर्षे लागतात, आणि आम्ही तो विषय अर्ध्या तासात रूपावलीवर उरकतो.

आणि कायदा दूर कुठे दिल्लीत नाही. आमच्या भागातल्या जमिनीचा तंटा तालुक्याला मराठीत चालतो. तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत गेला की तिथली भाषा इंग्रजी. मग मराठी जबाबांचे इंग्रजी होते आणि ते करणारा कोणी तरी पदवीधर असतो, आमच्यासारख्याच कोणाच्या वर्गात बसलेला. 'ते त्याला म्हणाले की तो फसवतो आहे' हे वाक्य त्याच्यापुढे येईल तेव्हा तो काय लिहील? आम्ही शिकवले तसे लिहिले, तर तो प्रत्येक ठिकाणी 'ही' लिहील, आणि त्याच्या इंग्रजीत एकही चूक नसेल.

त्या मुलीची वही आम्ही परत मागवली. तोवर दोन आठवडे गेले होते. आमचा शेरा आम्हीच खोडला आणि तिला मराठीत विचारले, की 'दे' म्हणजे कोण. ती म्हणाली, "सर, माझे वडील. त्यांना 'ही' कसं म्हणायचं?" मग आम्ही तिला सांगितले, की इंग्रजीत वडिलांना 'ही' म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही, मात्र सावकारही 'ही'च असल्याने दोघे एकमेकांत मिसळतात, तेव्हा जिथे मिसळतील तिथे सरळ 'माय फादर' लिही, चार वेळा लिहावे लागले तरी लिही. तिने लिहिले. 'माय फादर टोल्ड द मनीलेंडर दॅट द मनीलेंडर वॉज चीटिंग.' वाक्य जड झाले होते. 'यू आर चीटिंग अस, माय फादर टोल्ड द मनीलेंडर' असे तिने नंतर स्वतःच बदलले. तक्त्यात नसलेली ही वाट, थेट बोलणे अवतरणात घालून 'ही'लाच फाटा देण्याची, आम्हाला सुचली नव्हती. 'अस' हा शब्दही तिचाच. फसवले जाणाऱ्यांत ती स्वतः होती हे पहिल्या मसुद्यात कुठेच आले नव्हते.

सत्राच्या शेवटी तोच निबंध तिने परीक्षेत लिहिला. उत्तरपत्रिका तपासणारे दुसरे कोणी होते. परीक्षेनंतर तिने पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत मागवली आणि आम्हाला आणून दाखवली. 'माय फादर' चार ठिकाणी अधोरेखित होते, शेजारी लिहिले होते : 'अव्हॉइड रिपिटिशन. यूज प्रोनाउन्स.' एक गुण कापला होता.